लाल बाण, हिरवा बाण: एफबीडी तपासणाऱ्या ॲपसोबत सहा महिने

सांगलीत घरीच पहिल्या वर्षाच्या मुलांची इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची शिकवणी घेतो. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत आठ जणांना हाताने काढलेली आकृती ओळखणारं एक ॲप वापरायला दिलं. त्याचं नाव इथे घेत नाही, भांडण त्या एकाशी नाही.

गणित पडद्यावर येतं, आपण पेनने एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढायची, प्रत्येक बलाला बाण आणि नाव द्यायचं. बरोबर असेल तर बाण हिरवा, नाहीतर लाल. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या स्केच रेकग्निशन लॅबने अशीच प्रणाली पूर्वीच केली आहे. तिचं नाव 'मेकॅनिक्स'च, इंग्रजीत शेवटी एक्स येतो एवढंच. देवनागरीत लिहिलं की विषय कुठला आणि सॉफ्टवेअर कुठलं, कळत नाही.

पहिला आठवडा तळहातापायी गेला. टॅबवर हात टेकला की ठिपके उमटायचे आणि ॲप त्यांना सांधे समजायचं. पाच सांध्यांच्या ट्रसला (दांड्या सांध्यांत जोडून केलेल्या सांगाड्याला) नऊ सांधे! फोनवर बोटाने तर ट्रस काढायलाच जाऊ नका.

पण शिडीच्या गणिताने माझं मत बदललं. भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत. शिडीचं वजन, भिंतीची लंब प्रतिक्रिया (पृष्ठभागाला काटकोनात लागणारं बल), जमिनीची लंब प्रतिक्रिया, एवढं काढून आठातली पाच मुलं थांबली. ॲपने म्हटलं, एक बल राहिलं. कुठलं ते सांगितलं नाही. मुलं दहा मिनिटं आकृतीकडे बघत बसली आणि मग एकीला शिडीचा पाय घसरताना दिसला. घर्षण भिंतीच्या दिशेने! वहीत हीच चूक मी दोन दिवसांनी लाल पेनने दाखवतो, तोवर पोरगं पुढच्या धड्यात गेलेलं असतं.

आता खरी तक्रार. बाण चुकला तरी लाल, आणि बाण ॲपला वाचताच आला नाही तरीही लाल. आमच्याकडे बरीच मुलं आधी दांडी ओढतात, मग हात उचलून टोक काढतात. टोक बारीक पडलं की ॲपला ती नुसती रेघ वाटते. एक जण रोलरची (चाकांवरच्या आधाराची) प्रतिक्रिया चोख उभी काढायचा आणि लाल दिसली की पुसून आडवी करायचा. "सर, परत लाल झालं की ओ!" बरोबर उत्तर पुसायला शिकवणारं साधन मला चालत नाही. 'मला वाचता आलं नाही' आणि 'तुझं चुकलं' यांना वेगळे रंग द्यायला कितीसा खर्च आला असता?

उलटही होतं. कोनात ॲप बरंच सैल सोडतं. १० अंशांच्या उतारावर ठोकळ्याची लंब प्रतिक्रिया सरळ उभी काढली तरी हिरवी. ३० अंशांवर तीच चूक पकडली जाते. म्हणून कमी उताराची गणितं मी यातून काढूनच टाकली.

दिवाळीनंतर आणखी एक खोड लागली. विचार न करता चारी दिशांना बाण मारत सुटायचं, हिरवा होईल तो ठेवायचा. मोबाइल गेम आणि यात मग फरक काय राहिला? तपासणी शेवटी एकदाच व्हावी अशी सोय सेटिंगमध्ये शोधली, सापडली नाही. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: आधी वहीत पूर्ण एफबीडी, बलं मोजून आकडा वर लिहायचा, मगच टॅबला हात. दोन्हीत फरक आला तर आधी टोक जाड करून बघायचं, बाणाची दिशा बदलायची नाही.

समीकरणांच्या भागात सांगण्यासारखं फारसं नाही. न्यूटन आणि किलोन्यूटनची गल्लत ते पकडतं, एवढं बरं आहे.

वर्गणी पुन्हा भरली, पण एकाच टॅबची. पाळीपाळीने मुलं त्यावर बसतात. बाकीची तोवर एकमेकांच्या वह्यांत राहिलेलं बल शोधत असतात, आणि त्यात त्यांना जास्त मजा येते असं दिसतंय.