डब्ल्यूएसजेटी-एक्स : अँटेनाची दिशा आणि चंद्रोदय, दोन्ही फुकटात

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. साताऱ्यात गच्चीवर माझी २० मीटर बँडची तीन एलिमेंटची यागी आहे, म्हणजे तीन दांड्यांची, एका दिशेला जोर देणारी अँटेना. ती फिरवायला मोटरचा रोटर बिटर काही नाही, खालच्या पाइपला पाना लावून हातानंच फिरवायची. त्यामुळं तोंड कुठं करायचं हे आधी कळलेलं बरं, नाहीतर चार वेळा गच्चीवर चढा आणि उतरा.

सुरुवातीला शाळेतल्या नकाशावर भरवसा ठेवला. अमेरिका म्हणजे पश्चिम, मग लावली अँटेना यवतेश्वराकडं. दोन आठवडे न्यूयॉर्क साइडचं एक स्टेशन धड ऐकू येईना. शेवटी आपल्यातल्या एका जुन्या हॅमनं विचारलं की अरे, नकाशावर पट्टी ठेवून बघतोस होय, पृथ्वी गोल आहे, चेंडूला दोरा लावून जवळची वाट बघ. मग मोबाइलवर एक पैसे भरून घ्यायचं ॲप घेतलं, नाव घेत नाही, त्यात आकडा दिसायच्या आधी जाहिरात आणि कंपास तर आमच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ गेलं की गरागरा फिरतो (यात ॲपचा दोष नाही म्हणा, लोखंडाजवळ कुठलाही कंपास असाच वेडा होतो).

आणि एवढं सगळं होईपर्यंत डब्ल्यूएसजेटी-एक्स हे हॅम लोकांचं फुकट सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर होतंच की! २०१७ ला एफटी८ (कमजोर सिग्नलवरही चालणारी डिजिटल संदेशांची पद्धत) आलं तेव्हापासून सगळे त्याच्यासाठीच हे टाकतात, मीही त्यातलाच. जोसेफ टेलर यांनी सुरू केलेलं सॉफ्टवेअर, पल्सारच्या कामाला १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस. मेन विंडोत समोरच्या स्टेशनचा ग्रिड लोकेटर (पृथ्वीचे चौकोन पाडून जागेला दिलेला कोड) टाकला की खाली बारीक अक्षरात दिशा आणि किलोमीटर येतात, मी वर्षभर तिकडं बघितलंच नव्हतं.

न्यूयॉर्कचा एफएन३० टाकला तर ३३३ अंश, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजलेले. म्हणजे जवळजवळ उत्तर! लॉस एंजेलिस टाकलं तर १३, म्हणजे उत्तरेच्याही पलीकडं पूर्वेला झुकलेलं, एकाच देशाची दोन टोकं आणि मधे उत्तर ध्रुव. लंडन ३१९, टोकियो ५९, सिडनी १२६. लाँग पाथनं, म्हणजे पृथ्वीला उलट्या बाजूनं वळसा घालून, जायचं असेल तर १८० मिळवा किंवा वजा करा. गच्चीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं खुणा करून ठेवल्यात, आता पाना घेतला की दोन मिनिटांचं काम. तीन एलिमेंटची बीम तशी पसरट असते, पाच-दहा अंश इकडंतिकडं झालं तर काही बिघडत नाही, पण मी आधी साठ अंशानं चुकत होतो.

एक गोष्ट मात्र सांगतो, आपला स्वतःचा लोकेटर सहा अक्षरी टाका. मी नुसता एमके७७ टाकला होता. त्या चौकोनाची पश्चिमेची कड म्हणजे ७४ रेखांश, तो साताऱ्याला लागूनच जातो, आणि सॉफ्टवेअर चौकोनाचा मध्य धरतं म्हणजे आम्ही राहायला गेलो सांगोल्याच्या अलीकडं! दिशेत फार फरक पडत नाही पण सूर्य-चंद्राच्या वेळेत पडतो, एका रेखांशाला चार मिनिटं. एमके७७एक्यू टाकल्यावर जमलं. सांगलीवाल्यांचा एमके७६ येईल.

आता दुसरी गंमत. व्ह्यू मेनूत ॲस्ट्रॉनॉमिकल डेटा म्हणून एक विंडो आहे. चंद्र आत्ता कुठल्या दिशेला, किती अंश उंचीवर, डॉप्लर (हालचालीमुळं सरकणारी फ्रिक्वेन्सी) किती, आकाशातला नॉइज आणि चंद्राचं अंतर धरून सिग्नल किती डीबी पडणार, सगळं लाइव्ह, शिवाय सूर्याची दिशा आणि उंची. ही खरं तर चंद्रावर सिग्नल आपटून परत ऐकणाऱ्यांसाठी आहे, जाऊन येऊन अडीच सेकंद लागतात, मी अजून त्या वाटेला गेलो नाही, तेवढा अँटेना नाही आणि तेवढी पॉवरही नाही. मी सूर्याची उंची बघतो ती ४० मीटर बँडसाठी. आकडा शून्याकडं उतरायला लागला की डी थर (दिवसा सिग्नल शोषणारा वातावरणातला वरचा थर) विरळ होतो आणि दिवसभर मेलेला बँड हळूहळू बोलायला लागतो.

कमी काय, तर उद्याचा चंद्र किती वाजता उगवणार याचा तक्ता यात नाही, आत्ताची स्थिती तेवढी कळते. उंचीचा आकडा वजा असेल तर चंद्र अजून खाली, शून्य ओलांडला की उगवला. वेळ यूटीसीत दिसते, साडेपाच तास मिळवायचे. आणि डोंगर त्याला ठाऊक नाहीत. मागच्या संकष्टीला आई मोदक झाकून बसलेली, मी खोलीतून ओरडलो की उगवला, ती गच्चीवर गेली तर काहीच नाही, पूर्वेला जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूला नुसता अंधार. चंद्र तासाला साधारण पंधरा अंश चढतो, म्हणजे दोन-अडीच अंशाचा डोंगर आडवा आला की दहा मिनिटं गेलीच. दहा मिनिटांनी दिसला तोवर दोन शिव्या खाल्ल्या होत्या.

आता संकष्टीला आठ वाजले की तीच विचारते, "बघ रे तुझ्या रेडिओत, अजून किती खाली आहे?" आकडा अडीचला पोचला की मी हाक मारतो.