हाताचा दूध-पंप आणि स्टीलचं बोंडलं: बाळंतिणीच्या सलग झोपेसाठी

बाळंतिणीला रात्री एकदा तरी सलग चार तास झोप मिळावी, एवढ्यासाठीच पंप घेणार असाल तर हाताने दाबायचा साधा पंप घ्या. पाचशे ते दीड हजारात येतो आणि लाईट गेली तरी अडून बसत नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल, दिवसातून आठदा दूध काढावं लागत असेल, तर मात्र मनगट भरून येतं. तिथे विजेचाच हवा.

फसगत बहुधा फनेलवर (स्तनावर बसतो त्या नरसाळ्यासारख्या भागावर) होते. खोक्यात एकच माप येतं, बऱ्याचदा 24 मिमीचं. फनेलची नळी स्तनाग्राच्या व्यासापेक्षा 1 ते 3 मिमी मोठी असावी. त्याहून मोठी असली की भोवतालची काळी त्वचाही आत ओढली जाते, दुखतं, दूध कमी निघतं. मग घरभर बोभाटा, 'हिला दूधच नाही'. दूध असतं, माप चुकलेलं असतं.

दुसरी भानगड आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याची. सुटे भाग त्यात उकळले की व्हॉल्व्हच्या (दूध खाली सोडणाऱ्या छोट्या झडपेच्या) फटीवर क्षारांचा पांढरा थर धरतो, फट नीट मिटत नाही आणि ओढ कमी होते. आरओ फिल्टरच्या पाण्यात 5 मिनिटं उकळा. थर धरलाच तर लिंबू पिळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. पिनेने कोरू नका. व्हॉल्व्हला चीर गेली की पंप निकामी, म्हणून सुटा व्हॉल्व्ह मिळतो का हे दुकानात आधी विचारा.

पंपासोबत आलेली निपलची बाटली बाजूला ठेवा. (दुकानदार वर आणखी एक बाटली 'भेट' देत असेल, तर बाळाच्या दूध-बाटल्यांबाबतच्या 1992च्या कायद्याने त्याला बंदी आहे.) तिच्यापेक्षा बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, चांगलं: घासायला सोपं, उकळायला सोपं. घेताना चोचीवरून बोट फिरवा, कड धारदार नको. बाळ जागं हवं, मांडीवर जवळपास बसतं धरलेलं. चोच खालच्या ओठाला टेकवायची, थोडं दूध द्यायचं, गिळलं की पुढचं. आडवं घेऊन गटागट ओतायची जुनी पद्धत आजीने सोडावी, त्यात ठसका लागतो.

पंप बाळ तीन-चार आठवड्यांचं झाल्यावर, दूध नीट बसल्यावरच सुरू करा. सकाळी बाळाला पाजून झालं की 10-15 मिनिटं काढा. 30 ते 60 मिली निघालं तरी ठीक, दोन वेळचं मिळून एक पाजणं होतं. नवं दूध आधी गार करून मगच जुन्यात मिसळा. बाहेर 4 तास टिकतं हा हिशोब 25 अंशांपर्यंतचा. एप्रिल-मेमध्ये काढलं की लगेच फ्रिजमध्ये, तेही दारात नव्हे, आत मागे. तिथे 4 दिवस चालतं. भारनियमनात दार उघडू नका. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर नाही. उष्टं उरलेलं 2 तासांत संपवा, नाहीतर टाका.

साडेनऊला पाजून आईने झोपावं, मधलं पाजणं आजीने किंवा बाळाच्या बाबांनी बोंडल्याने करावं आणि दोनच्या सुमारास आईने पुन्हा अंगावर घ्यावं. रात्रीची सगळी पाजणी बोंडल्यावर ढकलू नका. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच जास्त असतं. मध्येच छाती दगडासारखी होऊन जाग आली, तर दुखणं थांबेल एवढंच हाताने पिळून काढा. पूर्ण रिकामी केली की उद्या त्याच वेळेला पुन्हा भरते.