पुण्यातलं स्टेम सेल बँकिंग : पॅकेज घेण्याआधी

पुण्यातल्या खासगी प्रसूतिगृहांत तपासणीला आलेल्या जोडप्यांच्या हाती नाळेतलं रक्त साठवण्याच्या पॅकेजचं माहितीपत्रक पडतंच. या रक्तात नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. कंपन्या अनेक, सेवा थोड्याफार फरकाने एकच. म्हणून हे परीक्षण कुणा एका कंपनीचं नाही, या सेवेचंच आहे.

रक्त काढताना आईला किंवा बाळाला टोचावं लागत नाही. नाळ कापल्यावर वारेकडचा भाग जंतुनाशकाने पुसून शिरेत जाड सुई घालतात आणि पिशवी वारेपेक्षा खाली धरतात. रक्त आपसूक उतरतं. पिशवी सतत हलकेच हलवत राहावी लागते, नाहीतर गोठण रोखणारं औषध मिसळत नाही, गुठळ्या होतात आणि पेशी त्यांत अडकून वाया जातात. सिझेरियनच्या गडबडीत हेच राहून जातं. शिवाय नाळेला चिमटा लावण्याआधी किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्या वेळात बाळाकडे जाणाऱ्या रक्ताने त्याचा लोहसाठा वाढतो. पिशवी भरण्यासाठी घाई नको, हे डॉक्टरांना आधीच बजावून ठेवा. त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा.

पुढे प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या करून, गोठताना त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ हे रसायन मिसळून, हळूहळू थंड करत द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. चांगली प्रयोगशाळा हे नीट करते.

अहवाल मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा. 'इतके मिली' या आकड्यात पिशवीतलं औषधही धरलेलं असू शकतं. खरा आकडा पेशींचा, म्हणजे केंद्रक असलेल्या एकूण पेशींचा. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. म्हणजे ५० कोटींची पिशवी २० किलोच्या मुलाला पुरेल, ६० किलोच्या माणसाला नाही. सीडी३४ (मूळ पेशींची खूण) असलेल्या पेशी, जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुसंसर्गाची चाचणी लेखी मागा. पेशी कमी भरल्या तर पैसे परत मिळतात का, ते करारातच बघा.

आमचा खरा आक्षेप 'बाळाचा जैविक विमा' या जाहिरातीवर आहे. थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष बाळाच्या जनुकांत असेल, तर तोच त्याच्या नाळेच्या रक्तातही असतो, मग स्वतःची पिशवी काय कामाची? रक्ताच्या कर्करोगातही आजाराची बीजं त्या पेशींत आधीच असू शकतात. भविष्यात स्वतःसाठी म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) भूमिका आहे. मधुमेह किंवा ऑटिझमसाठीही नाळेचं रक्त हा मान्यताप्राप्त उपचार नाही. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे. दात, मासिक पाळीचं रक्त किंवा नाळेचा तुकडा साठवण्याला नाही. पॅकेजमध्ये हे 'मोफत' मिळत असेल तर तिथूनच मागे फिरा.

निरोगी कुटुंबाने हप्ते काढून हे घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच, पण मोठा : घरात आधीच थॅलसेमिया किंवा तत्सम रक्तविकाराचं मूल असेल तर. सख्ख्या भावंडाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अशा वेळी त्या मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञाशी सहाव्या-सातव्या महिन्यातच बोला आणि रक्त कुठे, कसं पोचवायचं ते प्रसूतीआधी ठरवून घ्या. नव्या बाळाला तोच आजार नाही ना, हेही तपासून घ्यावं लागतं.