द्राक्षबागेत मॅक्स3485 : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मामांच्या निफाडजवळच्या बागेत ऑक्टोबर छाटणी आटोपल्यावर मातीचा ओलावा मोजून लोरावर (कमी विजेत दूरवर पोहोचणारा रेडिओ) घरी आकडा पाठवणारं एक यंत्र बसवलं. आत 2600 एमएएचचा एकच 18650 लिथियम सेल आणि एसटीएम32 हा कंट्रोलर. साठ मीटर वायरच्या टोकाला मॉडबस ही यंत्रांची भाषा बोलणारा सेन्सर. मधला दुभाषी मॅक्स3485, म्हणजे 3.3 व्होल्टवर चालणारी आरएस-485 चिप (लांब वायरीवरून दोन तारांत सिग्नल पाठवायची पद्धत). त्याआधी बाजारातलं निळं मॅक्स485 मॉड्यूल टेबलावर लावून पाहिलं होतं. त्याला 5 व्होल्ट लागतात, वर लाल एलईडी दिवसरात्र सेल चाटत बसतो, आणि मुळात मॅक्स485ला शटडाउन, म्हणजे वीज वाचवणारी झोप, नाहीच. ते लगेच बाजूला ठेवलं.

मॅक्स3485चं डेटाशीट वाचलं की माणूस हुरळतो. चालू असताना साधारण 1 मिलीअँपिअर, शटडाउनमध्ये 2 नॅनोअँपिअर. म्हटलं, आता वर्षभर सेलकडे बघायला नको. अडीच महिन्यांत मामांचा फोन आला, "अरे, तुझं यंत्र मुकं झालंय."

चूक माझीच होती. डीई (वर असताना बोलणं चालू करणारी) आणि आरई (खाली असताना ऐकणं चालू करणारी) या दोन पिना मी एकत्र बांधल्या होत्या. बहुतेक सर्किटांत तशाच असतात, कंट्रोलरच्या एका पिनेची बचत होते. पण शटडाउनसाठी डीई खाली (0 व्होल्ट) आणि आरई वर (3.3 व्होल्ट), असं एकाच वेळी लागतं. दोन्ही एकत्र असल्या की चिप एक तर बोलते नाहीतर ऐकते, झोपायची सोयच उरत नाही. सतत 1 मिलीअँपिअर म्हणजे कागदावर 108 दिवस. बाकीचा खर्च धरला तर अडीच महिन्यांचा हिशोब बरोबर बसतो.

दुसऱ्या बोर्डवर आरईला वेगळी पिन दिली. शिवाय शहाणपणा करून ए-बी या सिग्नलच्या दोन तारांवर 560 ओहमचे दोन बायस रेझिस्टर (कोणी बोलत नसताना तारांची पातळी ठरवणारे) आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचं टर्मिनेशन (प्रतिध्वनी शोषणारं) लावलं, पुस्तकात असतं तसं. झोपेतला करंट मोजला तर 2.8 मिलीअँपिअर! चिप गाढ झोपली होती, पण 560 अधिक 60 (समांतर दोन 120) अधिक 560 ओहम थेट 3.3 व्होल्टवर लटकत होते. सेल 39 दिवसांतच संपला असता. साठ मीटरला 9600 बॉडवर (सेकंदाला 9600 बिट) टर्मिनेशन लागतच नाही. एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा, आणि वायरच्या या टोकाहून त्या टोकाला जायला जेमतेम 0.3 मायक्रोसेकंद. प्रतिध्वनी बिट वाचायच्या आधीच विरून जातो. 120 ओहम काढले, आणि बायसचा वरचा रेझिस्टर फक्त वाचनावेळी चालू होणाऱ्या पुरवठ्यावर नेला.

एवढं करूनही यंत्र रात्री कारण नसताना जागं व्हायचं. हे शोधायला सर्वात जास्त वेळ गेला. एकदा बोर्डजवळ बोट नेलं आणि कंट्रोलर जागा झाला, तेव्हा ट्यूब पेटली. शटडाउनमध्ये चिपची आरओ पिन (ऐकलेलं कंट्रोलरला देणारी) मोकळी सुटते. कंट्रोलरच्या युआर्टच्या (सिरीयल पोर्टच्या) आरएक्सला, म्हणजे ऐकणाऱ्या पिनेला, ती कधी वर, कधी खाली दिसते आणि तो खोटा स्टार्ट बिट समजून उठतो. आरओला 100 किलोओहमचा पुलअप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) लावला आणि प्रकरण मिटलं. डेटाशीटमध्ये आरओ हाय-झेड, म्हणजे मोकळी, होते हे लिहिलेलंच असतं, आपण वाचत नाही इतकंच.

डीई खाली घेताना टीएक्सई (बफर रिकामा झाला) नव्हे, टीसी (शेवटचा बिटही गेला) फ्लॅगची वाट बघा. नाहीतर सीआरसीचा (निरोपातली चूक पकडणाऱ्या आकड्याचा) शेवटचा बाइट अर्धवट तुटतो, सेन्सर गप्प बसतो आणि आपण वायर बदलत बसतो. मी दोन वायरी बदलल्या.

मे महिन्यात वळवाच्या पावसात कडाडून विजा झाल्या. ए-बीवर एसएम712 (जादा व्होल्टेज गिळणारा डायोड) लावला होता, चिप शाबूत राहिली. वीज बागेपासून बरीच लांब पडली असेल, तर तेही खरं. चिप मात्र बिलासकट घ्या. सुट्ट्या स्वस्तात घेतलेल्या पाचांपैकी दोन झोपेत 200 मायक्रोअँपिअरच्या वर खात होत्या, नाव मात्र तेच छापलेलं.

पुढच्या बोर्डवर मॅक्स3483 घालणार आहे. पिना त्याच, वेग 250 केबीपीएसपर्यंतच, पण सिग्नलच्या कडा सौम्य, आणि 9600ला त्याहून जास्त कशाला हवं? मार्चमध्ये पूर्ण भरून लावलेला सेल परवा 3.94 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अजून बराच भरलेला. आता सर्वात जास्त खातो तो सेन्सर, वाचनाआधी त्याला दर वेळी लागणारे दोन सेकंद.