कानाने दिग्दर्शन करणाऱ्याचे आत्मकथन

अमेरिकन विनोदी मालिका आवडीने पाहणाऱ्यांनी जेम्स बरोज हे नाव श्रेयनामावलीत शेकडो वेळा वाचलेले असते आणि तितक्याच वेळा विसरलेलेही असते. एक हजारांहून अधिक भाग दिग्दर्शित करणाऱ्या आणि दूरचित्रवाणीसाठीचे ११ एमी पुरस्कार मिळवणाऱ्या या माणसाने एडी फ्रीडफेल्ड यांच्या साह्याने लिहिलेले ‘डायरेक्टेड बाय जेम्स बरोज’ हे आत्मकथन २०२२ साली प्रसिद्ध झाले. मी ते मालिकांच्या आकर्षणापोटी हाती घेतले. मात्र त्यातला सर्वांत वाचनीय भाग नाटकाचा निघाला.

बरोज यांचा जन्म १९४० सालचा. वडील एब बरोज हे ‘गाइज अँड डॉल्स’ या संगीतिकेचे सहलेखक असल्यामुळे ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, तालमी मुलाला जवळून पाहता आल्या. पुढे येल विद्यापीठातील नाट्यशिक्षणानंतर ते रंगमंचव्यवस्थेत उमेदवारी करू लागले आणि १९६६ साली अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्या एका संगीतिकेवर काम करीत असताना ती रीतसर शुभारंभाआधीच गुंडाळली गेली. या फसलेल्या प्रयोगातील ओळखच पुढे उपयोगी पडली: १९७४ च्या सुमारास त्यांनी मूर यांना पत्र लिहिले आणि मूर यांच्या दूरचित्रवाणी निर्मितिसंस्थेत बरोज यांना प्रवेश मिळाला. अपयशातून मिळालेल्या संधीची ही हकिकत फुशारकीचा लवलेश नसल्यामुळे मनाला भिडते.

बरोज यांच्या पद्धतीचे मर्म एका सवयीत आहे. चित्रीकरण चालू असताना मॉनिटरला डोळे लावून बसण्याऐवजी ते येरझाऱ्या घालत संवाद ऐकतात. वाक्य लयीत पडले की नाही आणि हशा ओसरू लागताच पुढचे वाक्य आले की नाही, हे त्यांना कानानेच कळते. प्रेक्षकांसमोर सलग रंगणारा प्रवेश एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपायचा, ही या मालिकांची रीत. ‘टॅक्सी’ या मालिकेतील ऐसपैस गॅरेजसाठी बरोज यांनी तीनऐवजी चार कॅमेरे वापरले. ग्लेन आणि लेस चार्ल्स या बंधूंसह त्यांनी १९८२ साली निर्माण केलेल्या ‘चिअर्स’चा संपूर्ण पहिला हंगाम बॉस्टनमधील बारच्या चार भिंतींच्या आतच घडतो. सुरुवातीला प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत तळाशी असूनही एनबीसी या वाहिनीने ती चालू ठेवली आणि ती ११ हंगाम चालली. पुस्तक वाचून झाल्यावर मी तिचे पहिले काही भाग पुन्हा पाहिले, तेव्हा पात्रे आत येण्याच्या वेळा किती काटेकोर आहेत, हे पहिल्यांदाच जाणवले.

‘फ्रेंड्स’चे प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी सहाही कलाकारांना लास व्हेगासला नेऊन, अनोळखी माणसासारखे वावरण्याची ही शेवटची संधी आहे, असे त्यांनी सांगितल्याची गोष्ट आता सर्वश्रुत आहे, ती पुन्हा वाचताना फारसे काही नवे हाती लागत नाही. त्यापेक्षा ‘विल अँड ग्रेस’ या मालिकेचा प्रत्येक भाग, ती बंद पडून पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या भागांसह, एकाच दिग्दर्शकाने कसा सांभाळला, याविषयी मला आणखी वाचायला आवडले असते.

माझी मुख्य तक्रार सौजन्याबद्दल आहे. सहकाऱ्यांविषयी बरोज इतके कृतज्ञतेने लिहितात की मतभेद, फसलेले भाग आणि मधेच बंद पडलेल्या मालिका यांचा हिशेब अपुराच राहतो. पन्नास वर्षांच्या कामात असे प्रसंग कमी नसणार. शिवाय मूळ मालिका न पाहिलेल्या वाचकाला बऱ्याच आठवणी कोरड्या वाटतील. संहितालेखन किंवा नाट्यदिग्दर्शन शिकणाऱ्याने मात्र हे पुस्तक जरूर विकत घ्यावे आणि ‘टॅक्सी’ व ‘चिअर्स’वरील प्रकरणे त्या मालिकांचे भाग समोर ठेवून वाचावीत, केवळ ‘फ्रेंड्स’साठी उत्सुक असलेल्याने ते ग्रंथालयातून आणले तरी पुरे.