इटलीच्या युद्धभूमींचा नकाशासंग्रह : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इटलीच्या इतिहासावरचा हा मोठ्या आकाराचा नकाशासंग्रह मी गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतला आणि तेव्हापासून तो जवळजवळ रोज उघडला जातो. इ.स.पू. २१८ मधील कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या स्वारीपासून एप्रिल १९४५ मधील शेवटच्या लढायांपर्यंतचा काळ त्यात आला आहे. शतकाशतकांचे रंगीत नकाशे पुष्कळ पुस्तकांत मिळतात. या संग्रहाचे वेगळेपण असे की, प्रत्येक विभागाचा डोंगर, नद्या आणि खिंडी दाखवणारा पायाभूत नकाशा एकच आहे आणि निरनिराळ्या काळांतील सैन्यांच्या हालचाली पारदर्शक पत्र्यांवर छापलेल्या आहेत. पत्रा बदलला की शतक बदलते, जमीन मात्र तीच राहते. इटलीतील युद्धे समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला आजवर सापडलेला नाही, कारण या देशात आल्प्स आणि अपेनाइन्स यांनी सैन्यांना चालण्यासाठी मोजक्याच वाटा ठेवल्या आहेत आणि जो कोणी आला त्याला त्याच वाटांनी जावे लागले.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याचे पान माझ्याकडून सर्वांत जास्त हाताळले गेले आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात त्राझिमेनो सरोवर आहे. टेकड्या आणि पाणी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबलने रोमन सैन्याला सकाळच्या धुक्यात गाठले आणि रोमचा कॉन्सल (सर्वोच्च पदाधिकारी) फ्लामिनियस तेथेच पडला. तो पत्रा काढून १४४० चा ठेवला की नजर उत्तरेकडे आंगियारीला जाते. २९ जून १४४० रोजी मिलानच्या बाजूने लढणारा भाडोत्री सेनापती निकोलो पिच्चिनिनो सानसेपोल्क्रोहून मैदान ओलांडून फ्लोरेन्स आणि पोप यांच्या सैन्यावर अचानक चालून आला. पण उन्हाळ्यात उडालेल्या धुळीने त्याची चाल उघडी पाडली आणि पुलाभोवतीची लढाई तो हरला. पिच्चिनिनो ज्याच्या हाताखाली तयार झाला, तो ब्राच्चो दा मोंतोने याच खोऱ्यातील मोंतोने गावच्या सरदार घराण्यातला होता.

आता १९४४ चा पत्रा ठेवावा. पेरुजिया घेतल्यावर दोस्त सैन्य टायबरच्या दोन्ही काठांनी उत्तरेकडे सरकत होते आणि जर्मन तुकड्या कडेच्या टेकड्या सोडायला तयार नव्हत्या. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनच्या, म्हणजे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. रायगड जिल्ह्यातील या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला आणि २०२३ मध्ये मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. हॅनिबल, पिच्चिनिनो आणि माणगाव परिसरातला एक शेतकरी कुटुंबातील नाईक एकाच पानावर दिसतात, ते या संग्रहाच्या रचनेमुळे.

पो नदीच्या खोऱ्याची पाने तितकीच भरगच्च आहेत. अपेनाइन्समधून उत्तरेकडे उतरून पोला मिळणाऱ्या नद्या, त्यांना आडवा छेद देणारा रिमिनी ते पियाचेन्झा हा इ.स.पू. १८७ मधील रोमन रस्ता आणि डोंगरातून खाली येणाऱ्या खिंडी एवढे नीट पाहिले की त्रेबिया, फोर्नोवो आणि पाव्हिया या लढाया तिथेच का झाल्या, हे वेगळे सांगावे लागत नाही. फ्रान्सचा आठवा चार्ल्स १४९४ मध्ये ओतीव पितळी तोफा आणि लोखंडी गोळे घेऊन इटलीत उतरला. परतताना ६ जुलै १४९५ रोजी चीझा खिंड उतरल्यावर फोर्नोवो येथे तारो नदीच्या पात्रात त्याला लढावे लागले. लिओनार्दोच्या प्रचंड अश्वपुतळ्यासाठी मिलानमध्ये साठवलेला धातू १४९४ मध्येच तोफा ओतण्यासाठी पाठवला गेला, ही नोंद संपादकांनी त्या पानाच्या समासात दिली आहे. कलेचा आणि युद्धाचा इतिहास इटलीत वेगळा काढता येत नाही, याचे इतके नेमके उदाहरण देऊन त्यांनी वाचकाचे काम सोपे केले आहे. उर्बिनोचा फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो भाड्याने लढाया लढून मिळवलेल्या पैशावर राजवाडा आणि ग्रंथालय उभारत होता, हेही याच ओघात येते.

तटबंदीवरचे प्रकरण मला फार आवडले. तोफांपुढे उंच, सरळ भिंती टिकेनात, तेव्हा इटालियन अभियंत्यांनी तट ठेंगणे आणि जाड केले आणि एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा म्हणून बुरुजांना बाणाच्या टोकासारखा आकार दिला. व्हेनिसने १५९३ मध्ये वसवलेल्या पाल्मानोवाचा नऊ टोकांचा आराखडा येथे पूर्ण पानभर आहे. याच परंपरेतला मिलानचा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज भारताचा मुख्य अभियंता होता आणि मोम्बासाचा फोर्ट जीझस त्यानेच आखला. वसईचे कोनाकृती बुरूज ज्यांनी पायी हिंडून पाहिले आहेत, त्यांना पाल्मानोवाचे पान परके वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकाचा भाग ठीक आहे. सोल्फेरिनोची लढाई, इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दींचे सिसिलीत मार्सालाला उतरणे आणि १८७० मध्ये रोम घेणे, सर्व काही आहे. परंतु नकाशे मोठ्या प्रमाणावरचे नसल्याने वाचन केलेल्या माणसाला त्यातून नवे फारसे मिळत नाही. सावरकरांमुळे ज्याची त्याच एकीकरणाचा पुरस्कर्ता मॅझिनी याच्याशी ओळख झाली आहे, अशा मराठी वाचकाची येथे थोडी निराशा होईल. पहिल्या महायुद्धातील इझोन्झो नदीवरच्या बारा लढाया मात्र उंचीच्या रेषांसह उत्तम दाखवल्या आहेत.

माझी खरी तक्रार दुसऱ्या महायुद्धाच्या पत्र्यांबद्दल आहे. गारील्यानो नदीचे पान सुंदर आहे. डिसेंबर १५०३ मध्ये स्पॅनिश सेनापती गोन्साल्वोने तयार भागांचा पूल टाकून ती ओलांडली आणि जानेवारी १९४४ मध्ये ब्रिटिशांनी ओलांडली, हे दोन्ही पत्रे एकावर एक ठेवून पाहता येते. परंतु कासिनोपासून पुढे बहुतेक ठिकाणी केवळ ‘ब्रिटिश आठवी आर्मी’ असा बाण आहे. चौथी, आठवी आणि दहावी या तीन भारतीय डिव्हिजनांची वेगळी खूण कोठेही नाही. इतक्या काळजीने केलेल्या ग्रंथात ही उणीव मनाला लागते.

त्यातच काही पत्र्यांवरच्या जुळणीच्या खुणा एक-दोन मिलिमीटर सरकलेल्या आहेत. सेनियो नदीच्या पानावर हा दोष महागात पडतो. तेथे नदी जेमतेम पंधरा फूट रुंद होती, पण दोन्ही बाजूंचे पूरबांध तीस-पस्तीस फूट उंच होते आणि दोन्ही बांध जर्मनांनी आतून पोखरून खंदक केले होते. पहिल्या बटालियनचे (१/५ मराठा) शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी घेऊन गेले, मग परत येऊन त्यांनी तीन मशिनगन मोर्चे निकामी केले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्यांना पुढे बोलावले. कोण कोणत्या बांधावर होते, यावरच ही सारी घटना उभी आहे, आणि सरकलेला पत्रा सैनिकांना नदीच्या भलत्याच काठावर नेऊन ठेवतो. मी पेन्सिलीने नव्या खुणा करून घेतल्या आहेत.

कागद जाड आणि छपाई स्वच्छ आहे. बांधणी मात्र कच्ची निघाली. दिवाळीच्या सुमारास शिवण सुटू लागली आणि विक्रेत्याने प्रत बदलून दिली नाही, त्यामुळे ओळखीच्या बाइंडरकडून नवी कापडी पाठ बसवून घ्यावी लागली. पावसाळी दमट हवेत पत्रे एकमेकांना चिकटतात. मध्ये पातळ बटर पेपर ठेवला की तो त्रास राहत नाही. सूचीत लढायांची नावे आहेत, व्यक्तींची नाहीत, म्हणून घाडगे किंवा कैराती शोधायचे तर आपलीच टिपणवही हवी.

इटलीचा इतिहास ज्यांनी अजून वाचलेला नाही, त्यांनी आधी एखादे सलग पुस्तक वाचून मग हा संग्रह घ्यावा, कारण यात कथन जवळजवळ नाही. ज्यांचे वाचन झाले आहे, विशेषतः ज्यांच्या घरातील कोणी मराठा रेजिमेंटमधून त्या मोहिमेत लढले आहे, त्यांनी दोष जमेस धरूनही तो अवश्य घ्यावा आणि पहिल्यांदा टायबरच्या वरच्या खोऱ्याचे पान उघडावे.