चक्र मधोमध आहे ना, ते मोजून बघा

आमची सोसायटी रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर. मी तिची खजिनदार आहे. २०२३ च्या पावसाळ्याआधी गच्चीवरच्या लोखंडी पाइपाऐवजी आवारात तीस फुटांचा ध्वजस्तंभ उभारायचं ठरलं. कोल्हापूरच्या पोलीस उद्यानातला ३०३ फुटांचा स्तंभ बघून आलेली मुलं तेव्हापासून मागेच लागली होती. वर्गणी पटापट जमली. त्यात घरकाम करणाऱ्या दोन बायकांनीही स्वतःहून पैसे दिले होते, म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे.

स्तंभ बसवून देणारा माणूस बाहेरगावचा, गोड बोलणारा. त्याने सोबत वर्षभराच्या देखभालीचा करार पुढे केला. दर दोन महिन्यांनी नवा ध्वज, वर्षाला सहा. दोरी आणि कप्पीची तपासणीही त्याच्याकडे. जुना ध्वज तो घेऊन जाणार, त्याची ध्वजसंहितेप्रमाणे सन्मानाने विल्हेवाट लावणार आणि तसं प्रमाणपत्र देणार. हे शेवटचं कलम ऐकून कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जुन्या तिरंग्याचं काय करायचं याची प्रत्येकालाच धास्ती असते. कचऱ्यात जाता कामा नये, पायाखाली येता कामा नये. ती काळजी दुसऱ्याने घेतली म्हणून आम्ही निर्धास्त झालो.

तो असंही म्हणाला, "आता रात्रंदिवस फडकवता येतो, उतरवायची कटकट नाही." हे खरं आहे. जुलै २०२२ मध्ये संहितेत तसा बदल झाला, आणि पॉलिस्टरच्या, यंत्रावर शिवलेल्या ध्वजाला त्याआधीच डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली होती. पण परवानगी आहे म्हणून कापड जास्त टिकत नाही. चोवीस तास वर राहिलेला ध्वज चोवीस तास झिजतो. आमच्याकडे तर खारा वारा. मिठाचे कण विणीत वाळतात आणि कापड फडफडलं की आतल्या आत धाग्याला घासतात. कपड्यांचं शिवणकाम मी वीस वर्षं केलंय, ध्वज स्तंभाला बांधतात ती बाजू टिकते आणि मोकळी कड आधी विरते, हे मला माहीत होतं. म्हणून दोन महिन्यांनी ध्वज बदलणं मला योग्यच वाटलं.

१५ ऑगस्टला ध्वजारोहण झालं. नव्या कप्पीच्या तेलाचा एक थेंब ध्वजाच्या स्तंभाकडच्या बाजूला शिवलेल्या कॅनव्हासच्या पट्टीवर पडला, लांबट, तांदळाच्या दाण्याएवढा. मला फार वाईट वाटलं होतं. ऑक्टोबरमध्ये तो ध्वज बदलला गेला आणि त्याच्या विल्हेवाटीचं शिक्क्याचं प्रमाणपत्र आम्ही नोटीसबोर्डवर लावलं. मग डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. प्रत्येक वेळी इस्त्री केलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला ध्वज. त्याचा माणूस यायचा, वॉचमनसमोर बदलून जायचा. तीस फूट खालून सगळे ध्वज सारखेच दिसतात.

जून २०२४ मध्ये पहिला जोराचा वारा सुटला. दुसऱ्या मजल्यावरचे सुभेदार काका खाली आले आणि म्हणाले, "ध्वज उतरवा, या वाऱ्यात चिंध्या होतील." उतरवल्यावर पोरांना घडी शिकवायला बसले. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही टोकं आत घ्यायची, म्हणजे चक्र बरोबर वर येतं. काकांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एका बाजूचं टोक पुरेना. ते म्हणाले, "ताई, हे चक्र मधे नाहीये."

मी घरातून टेप आणली. तिरंग्याचं प्रमाण तीनास दोन. आम्ही घेतलेला आकार १८० बाय १२० सेंटिमीटर. रुंदी १२० बरोबर भरली. लांबी १५९. स्तंभाकडच्या बाजूपासून चक्राचा मध्य ९० वर, आणि तिथून मोकळ्या कडेपर्यंत फक्त ६९. एकवीस सेंटिमीटर कापड कापून नेलं होतं. मूळ ध्वजाच्या कडेला टिपेच्या चार ओळी होत्या, प्रत्येक पट्ट्याला त्याच्या रंगाचा दोरा. इथे दोनच ओळी, आणि तिन्ही रंगांवरून एकच पांढरा दोरा. मग माझी नजर कॅनव्हासच्या पट्टीवर गेली. तांदळाच्या दाण्याएवढा तेलाचा डाग होता तिथे.

ज्या ध्वजाच्या विल्हेवाटीचं प्रमाणपत्र आम्ही बोर्डावर लावलं होतं, तोच ध्वज एप्रिलपासून आमच्या डोक्यावर फडकत होता. जुना ध्वज न्यायचा, विरलेली कड कापायची, टीप मारायची, धुऊन इस्त्री करून नवा म्हणून परत आणायचा. कपाटात जूनसाठी आलेला पुढचा ध्वज होता. पिशवी फोडून मोजला, १६८ भरला.

साध्या पताकेची किंवा देवळावरच्या झेंड्याची उसवलेली कड कापून पुन्हा दुमडली तर बिघडत नाही, आम्हीही घरी करतो. राष्ट्रध्वजाचं तसं करता येत नाही, कारण कड कापली की प्रमाण मोडतं आणि चक्र बाजूला सरकतं. फाटका ध्वज लावू नये असं संहितेत स्पष्ट आहे, आणि आम्ही तो कापलेल्या अवस्थेत लावून रोज त्याला नमस्कार करत होतो. सुभेदार काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत, असं काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मग बिलं काढली. सहा ध्वजांचे १५,००० रुपये आणि त्यावर १२ टक्के जीएसटीचे १,८००. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाहीच. खादीचा असो की पॉलिस्टरचा, हा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये केलेला आहे. शिवाय पैसे मागितले होते एका व्यक्तीच्या खात्यावर. ते मीच पाठवले होते, आणि तेव्हा विचारायला हवं होतं. त्याचा फोन पहिल्या दोन दिवसांनंतर बंद झाला. पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे.

आता देखभाल आम्हीच करतो. दोन ध्वज आळीपाळीने लावतो, संध्याकाळी उतरवतो. वाऱ्यापावसाचा अंदाज असला तर चढवतच नाही. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत पूर्ण वाळवतो, ओला कधीच घडी करत नाही, कारण बुरशीचे ठिपके पडतात. कडेचा एक धागा सुटलेला दिसला की त्याच दिवशी टीप मारते. स्तंभावर खरखरीत गंज किंवा जवळ आलेली फांदी असेल तर ती वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करते, त्यामुळे आंब्याची एक फांदी छाटून घेतली. एवढ्यावर पहिला ध्वज पाच महिने उत्तम चाललाय.

तक्रारीसोबत फोटो आणि मापं जोडून झाल्यावर, पोलिसांना विचारून, ते दोन कापलेले ध्वज आम्ही चौघांनी रात्री मागच्या अंगणात अख्खेच्या अख्खे जाळले. संहितेत सांगितलंय तसं, खाजगीत, कुठलाही समारंभ न करता. त्याला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. जुना ध्वज विक्रेत्याच्या हातात देऊ नका. तुमच्या बोर्डावरही असा शिक्क्याचा कागद असेल, तर आज ध्वज उतरवल्यावर स्तंभाकडच्या बाजूपासून चक्राच्या मध्यापर्यंत आणि तिथून मोकळ्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.